हृदयाच्या वॉर्डात मानसोपचार : एका सेवेला पाचपैकी साडेतीन

साडेतीनच्या वर जाता येत नाही आणि खाली आणायला मन होत नाही. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं मनापासून काम करणारी होती, माझी तक्रार त्यांच्या कामाची वाटणी कशी केलीय त्याबद्दल आहे.

परीक्षण कशाचं, ते आधी सांगते. शरीराच्या मोठ्या दुखण्यासाठी भरती झालेला माणूस मनानं बिघडू लागला की वॉर्डातले डॉक्टर मानसोपचार विभागाकडे रेफरन्स टाकतात. तिथून कुणीतरी खाटेपाशी येतं, रुग्णाशी बोलतं, केसपेपरवर सल्ला लिहितं आणि पुढच्या खाटेकडे जातं. लिएझन सायकियाट्री म्हणतात याला. वेगळा वॉर्ड नाही, दारावर पाटी नाही. बहुतेक नातेवाइकांना ही सेवा आपल्याला मिळाली हेसुद्धा बिलावरची ओळ वाचूनच कळत असेल.

माझ्या दादाची बायपास झाली. हृदय आधीच थकलेलं, मूत्रपिंडं जेमतेम, वय सत्तरीच्या पुढे. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं, आणि त्यानंतर आयसीयूत दादानं सलाइनची नळी उपसली. "फेज उलटा जोडलाय, कुणीतरी मरेल इथं," असं सिस्टरना ओरडून सांगत होता. मॉनिटरच्या वायरी हातात धरून रंग तपासत होता. वहिनी दारात उभी राहून रडत होती, कारण पन्नास वर्षं सोबत राहिलेल्या बायकोला तो "मॅडम, मेन स्विच बंद करा" म्हणत होता.

याला डिलिरियम म्हणतात. मोठं ऑपरेशन, संसर्ग, ऑक्सिजनची कमतरता, काही औषधं, झोपेची वाताहत, यांतलं एक किंवा सगळं मिळून मेंदूला तात्पुरतं भरकटवतं. आयसीयूत हे इतकं नेहमीचं आहे की तिथल्या लोकांना नवल वाटत नाही. पण म्हणूनच ऑपरेशनच्या आधी कुणी आम्हाला सांगून ठेवलं असतं तर वहिनीचे ते तास वाचले असते. इथं पहिला अर्धा गुण गेला.

त्या रात्री दादाला हॅलोपेरिडॉल दिलं. मानसोपचाराची मंडळी सकाळी आली, इंजेक्शन रात्रीच दिलं गेलं होतं. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही, वहिनीनं चार्टवर नाव वाचून मला फोनवर अक्षरं सांगितली. हे औषध १९५८ सालचं आहे, स्किझोफ्रेनियासाठी गाजलेलं, आणि आयसीयूतल्या भ्रमासाठी कित्येक दशकं सर्रास वापरलेलं. २०१८ साली अमेरिकेत डिलिरियम झालेल्या ५६६ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत काहींना हॅलोपेरिडॉल दिलं, काहींना त्याच गटातलं झिप्रासिडोन आणि काहींना औषधाऐवजी नुसतं मिठाचं पाणी. भ्रमाचे दिवस तिन्ही गटांत सारखेच निघाले. म्हणजे औषधानं डिलिरियम लवकर बरा होतो असं दिसलं नाही. मग देतात का? सकाळी आलेल्या मानसोपचार डॉक्टरांना मी हेच विचारलं.

त्या वयानं तरुण होत्या, आवाज बेताचा. त्यांनी प्रश्न टाळला नाही. म्हणाल्या, "भ्रम यानं जात नाही, ताई. पण ते छातीची नळी ओढत होते. ती निघाली असती तर जिवावर बेतलं असतं. म्हणून तेवढ्यापुरतं." मग त्यांनी ईसीजी मागवला. हॅलोपेरिडॉलच्या गटातल्या अनेक औषधांनी ईसीजीवरचं क्यूटी नावाचं अंतर लांबतं, आणि ते फार लांबलं तर हृदयाची लय जीवघेणी बिघडू शकते. हृदयाच्या वॉर्डात मनाचं औषध देताना पहिलं पान ईसीजीचं उघडतात, हे मला नवीन होतं. तो बघून त्यांनी हॅलोपेरिडॉल थांबवलं आणि रात्रीसाठी त्याच गटातल्या क्वेटिआपीनचा अगदी छोटा डोस लिहिला. या गोळीचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यांचा अर्धा सल्ला तर औषधाचा नव्हताच. चष्मा लावा. कानातलं यंत्र घाला. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. घड्याळ दिसेल असं ठेवा. घरचं एक माणूस शक्य तितका वेळ जवळ असू द्या. गरज नसलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काढा. मला वाटलं, एवढं शिकून हेच सांगायचं? पण याला आधार आहे. १९९९ साली ८५२ वृद्ध रुग्णांवरच्या एका अभ्यासात अशाच साध्या गोष्टी नेमानं केल्या, तेव्हा डिलिरियम ९.९ टक्के लोकांना झाला, आणि नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १५ टक्के लोकांना. दादाचं यंत्र दागिन्यांबरोबर पिशवीत घालून घरी पाठवलेलं होतं. ते आणून कानात घातलं, तेव्हा "फेज"चा विषय लगेच संपला नाही, पण समोरचा काय बोलतोय हे त्याला ऐकू यायला लागलं, आणि ऐकू आल्यावर ओरडणं निम्म्यावर आलं.

आता सेवेचा सर्वांत चांगला भाग. यासाठी मी पाचपैकी सहा दिले असते.

वॉर्डात हलवल्यावर दादा शांत झाला. आम्हाला बरं वाटलं. मग तो फारच शांत झाला. भिंतीकडे तोंड करून पडायचा, घास तोंडात तसाच ठेवायचा, विचारलं तर एक शब्द. वॉर्डाच्या डॉक्टरांनी रेफरन्स लिहिला : रुग्ण उदास, अँटीडिप्रेसंट सुरू करण्याबाबत मत द्यावं. आम्हीही हेच धरून चाललो होतो. इतकं मोठं ऑपरेशन झालंय, माणूस खचणारच की.

डॉक्टर आल्या, खुर्ची ओढून दादाच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या. म्हणाल्या, "काका, महिने उलटे सांगाल? डिसेंबरपासून." दादा म्हणाला, "डिसेंबर, नोव्हेंबर," आणि थांबला. बराच वेळानं म्हणाला, "जून." आणि डोळे मिटले. ज्या माणसानं मीटरचे आकडे आयुष्यभर तोंडी लक्षात ठेवले तो. डॉक्टरांनी अजून दोनतीन गोष्टी विचारल्या, मग सिस्टरना बोलावून विचारलं की सकाळी कसे होते, दुपारी कसे होते. सकाळी बोलत होते, दुपारी ओळखत नव्हते, असं उत्तर आलं. त्यांनी वही मिटली. "हे नैराश्य नाही. हाही डिलिरियमच, फक्त मुका."

ओरडणारा डिलिरियम सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणारा दिसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांत तोच जास्त सापडतो. नैराश्य समजून त्याच्यावर गोळी सुरू केली की खरं कारण मागे राहतं. लक्ष टिकतं का आणि दिवसभरात स्थिती वर-खाली होते का, हे दोन प्रश्न मुख्य. याच धर्तीची एक छोटी तपासणीपद्धत १९९० साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरतात. ती खाटेपाशी काही मिनिटांत होते. मी बघत होते, मशीन नाही, रक्त नाही, खुर्ची आणि महिने.

मग त्यांनी औषधांची यादी मागितली. मी आयुष्यभर ऑडिटमध्ये होते, यादी कशी वाचायची ते मला कळतं, आणि या बाईंनी ती तशीच वाचली. झोपेसाठी रोज एक बेंझोडायझेपीन चाललं होतं, कुणी सुरू केलं ते कुणालाच आठवेना. म्हाताऱ्या मेंदूत ही औषधं डिलिरियम वाढवतात. दारू एकदम सुटल्यानं होणाऱ्या भ्रमात मात्र ती मुख्य औषधं असतात, म्हणून त्यांनी आधी वहिनीला दादाच्या पिण्याबद्दल स्पष्ट विचारलं. वहिनी म्हणाली, "लग्नात सुद्धा नाही." मग ती गोळी हळूहळू कमी करून बंद करायला लिहिलं. खाजेसाठी एक जुन्या पद्धतीची अ‍ॅलर्जीची गोळी होती, तीही मेंदूला गुंगवणारी, ती काढली. लघवी तपासायला पाठवली, त्यात संसर्ग निघाला. पोट साफ आहे का, दुखतंय का, सोडियम किती, सगळं विचारलं. क्वेटिआपीन अर्ध्यावर आणून पुढे बंद करावी, असंही केसपेपरवर लिहिलं. मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलं.

मानसोपचाराच्या त्या भेटीत एकही नवीन गोळी सुरू झाली नाही. दोन गेल्या, तिसरी अर्धी झाली. संसर्गावर औषध सुरू झालं आणि पुढच्या आठवड्यात दादानं मला विचारलं, "इथलं वायरिंग कुणी केलंय गं? बोर्ड वाकडा आहे." बोर्ड खरंच वाकडा होता.

एवढं सगळं उतरल्यावर खाली जे उरलं ते मात्र नैराश्य होतं. भान पूर्ण, महिने उलटे खडखडीत, आणि तरी "आता कशाला" एवढंच. व्यायाम करवून घेणाऱ्या मुलाला हाकलून द्यायचा. आजारी माणसात हे ओळखणं अवघड असतं, कारण भूक नाही, झोप नाही, ताकद नाही ही लक्षणं हृदयाच्या आजारातही असतात. म्हणून १९८३ साली रुग्णालयातल्या रुग्णांसाठी खास एक प्रश्नावली तयार झाली. शरीराची लक्षणं वगळून ती मनाकडेच बघते : पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत अजून मजा येते का, हसू येतं का. दादानं उत्तरं दिली ती ऐकवेनात.

आणि इथं सेवेबद्दलची माझी एक खरी चीड. आत्महत्येचा विचार येतो का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे, मान्य. पण तो एका कापडी पडद्याआड, दादाच्या कानाचं यंत्र लक्षात घेऊन मोठ्या आवाजात विचारला गेला. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बोलायचे थांबले. दादानं "नाही" म्हटलं. पडदा नसून भिंत असती तर त्यानं काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. ज्या वॉर्डात एक्स-रेला खाली नेण्यासाठी चाकाची खुर्ची मिळते, तिथं या प्रश्नासाठी दार असलेल्या खोलीपर्यंत ती का मिळू नये?

नैराश्यावरची गोळी सर्ट्रालीन ठरली. त्याच जातीच्या एसिटालोप्राम किंवा सिटालोप्राम का नाही, हेही डॉक्टरांनी समजावलं. सिटालोप्राममुळे क्यूटी लांबण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकानं २०११ मध्ये इशारा दिला होता, साठीच्या पुढच्यांना दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असं ठरवलं. क्वेटिआपीन अजून पूर्ण सुटलेली नसताना हा धोका नको. सर्ट्रालीन हृदयरोग्यांत तपासलेलं आहे. २००२ सालच्या अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते सुरक्षित आढळलं.

मी घरी वाचून आले होते. विचारलं, "पण हृदय कमकुवत असलेल्यांत फायदा दिसला नाही ना?" २०१० साली हार्ट फेल्युअरच्या ४६९ रुग्णांवर चाचणी झाली, बारा आठवड्यांत सर्ट्रालीन आणि खोटी गोळी यांत फरक पडला नव्हता. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "बरोबर. पण त्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते, आणि दोन्ही गटांना नर्सचा नियमित आधार होता. काकांना चाळिशीत असाच आजार झाला होता आणि तेव्हा ते याच गोळीनं बरे झाले, असं वहिनी सांगतायत. म्हणून देऊन बघू. फरक नाही दिसला तर बंद करू. आणि कुणीतरी रोज अर्धा तास त्यांच्याशी कामाबद्दल बोला, आजाराबद्दल नको." एवढं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या विभागानं दिलं नाही.

डोस २५ मिलिग्रॅमपासून. सोबत सोडियम तपासायचं, कारण ही गोळी म्हाताऱ्यांत सोडियम उतरवते आणि दादाच्या लघवीच्या गोळ्याही तेच करू शकतात. अ‍ॅस्पिरिन चालू, तेव्हा शौचाचा रंग काळा दिसला तर लगेच सांगायचं, रक्तस्राव वाढू शकतो. या गोष्टी त्यांनी वहिनीला कागदावर लिहून दिल्या. तो कागद अजून आहे.

पुढे छातीची जखम चिघळली आणि तिच्यासाठी लिनेझोलिड नावाचं अँटीबायोटिक निघालं. इथं कौतुक वॉर्डाच्या फार्मासिस्टचं. लिनेझोलिड जंतूंवर काम करतं, पण शरीरातलं एक एन्झाइमही थोडं दाबतं, तेच जे नैराश्यावरची काही फार जुनी औषधं दाबायची. सर्ट्रालीनसोबत ते पडलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून अंगावर उलटतं : ताप, घाम, थरथर, गोंधळ, स्नायूंना झटके. आणि ताप-गोंधळ तर जखमेच्या संसर्गातही असतो, म्हणजे ओळखणार कोण? फार्मासिस्टनं पहिल्या डोसच्या आधीच फोन केला. मानसोपचारवाल्यांनी सर्ट्रालीन थांबवलं, काय बघायचं ते सिस्टरना सांगितलं, आणि लिनेझोलिडचा शेवटचा डोस झाल्यावर चोवीस तासांनी पुन्हा सुरू करा असं लिहून ठेवलं. ती रविवारची गोष्ट. रविवारी ही सेवा फक्त फोनवर असते. फोनवर हे निभावलं, कारण त्या दिवशी हजर असलेल्या फार्मासिस्टचं लक्ष होतं. फार्मासिस्ट सुट्टीवर असता तर, हा प्रश्न मी विचारला, त्यावर सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

आता साडेतीनवर का अडले ते.

डिस्चार्जचं कार्ड हातात आलं. चौदा औषधं. बाराव्या ओळीवर क्वेटिआपीन, आयसीयूतला पूर्ण डोस, रात्री एक, पुढे "चालू ठेवा". केसपेपरवर ती अर्धी करून बंद करायला लिहिलेलं होतं, मी वाचलेलं होतं. वॉर्डाच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मानसोपचारचं औषध आहे, आम्ही हात लावत नाही. मानसोपचार विभागात विचारलं तर उत्तर मिळालं, आम्ही सल्ला देतो, ऑर्डर वॉर्डाची असते. दोघंही खरं बोलत होते. वर्षाअखेरीला कुणी न तपासता पुढच्या वहीत ओढलेल्या शिल्लकेसारखी ती गोळी दादाबरोबर घरी निघाली होती.

हे किरकोळ नाही. आयसीयूत भ्रमासाठी सुरू केलेली अशी औषधं काम संपल्यावरही घरी चालू राहतात, ही जगभरची जुनी डोकेदुखी आहे. क्वेटिआपीननं उठताना रक्तदाब घसरतो, माणूस पडतो, साखर आणि वजन वाढतं, क्यूटीचं आहेच. याच गटातल्या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, म्हणून २००५ पासून अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापतात. दादाला स्मृतिभ्रंश नाही, पण कारण संपलेली गोळी त्याला कशासाठी? घरच्या माणसानं आपल्या मनानं एकदम बंद करणंही बरोबर नाही, म्हणून आम्ही तिथंच बसून राहिलो. शेवटी त्याच तरुण डॉक्टर राउंड संपवून आल्या, उभ्याउभ्या कार्डावर दुरुस्ती केली, कमी करत कधी बंद करायची त्या तारखा लिहिल्या आणि सही केली. मला शंका आहे की हे त्यांच्या कामात मोडत नव्हतं.

सर्ट्रालीनबद्दलही तीच गत. किती महिने घ्यायची, कोण बघणार, परिणाम नाही झाला तर कुणाकडे जायचं, कार्डावर काही नाही. हृदयाच्या ओपीडीची तारीख होती, जखमेच्या ड्रेसिंगची होती, मूत्रपिंडाच्या तपासणीची होती. मनाची नव्हती. मागितली तर दिली, पण मागावी लागली. ज्यांच्या घरात यादी वाचणारं कुणी नाही त्यांनी काय करायचं?

तेव्हा तुमचं माणूस शरीराच्या मोठ्या दुखण्यासाठी भरती असेल आणि ही सेवा त्या रुग्णालयात असेल, तर जरूर मागा. घाबरू नका, "वेडा ठरवतील" वगैरे काही होत नाही, दादालाही आधी तेच वाटलं होतं. आधीची मनाची औषधं घरी चालू असतील तर ती भरती करतानाच सांगा, लपवू नका. लिथियम घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण मूत्रपिंड मंदावलं किंवा रक्तदाबाच्या, लघवीच्या, दुखण्याच्या काही गोळ्या सोबत आल्या की त्याची रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. यकृताच्या रुग्णांचे नियम आणखी वेगळे, तिथं दुसरी औषधं टाळतात. हे सगळं त्यांना येतं, पण तुम्ही सांगितलं तर. आणि घरी जाताना प्रत्येक मनाच्या गोळीसमोर तीन गोष्टी लिहून घ्या : कशासाठी, कधीपर्यंत, बंद कोण करणार.

दादाची क्वेटिआपीन सुटली. सर्ट्रालीन चालू आहे, डोस ५०. तिचा गुण किती आणि घरी आल्याचा किती हे मानसोपचाराच्या ओपीडीतल्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही, ते तसं कबूलही करतात. गुणांचा हिशेब असा : आगाऊ कल्पना न दिल्याबद्दल अर्धा, पडद्याबद्दल अर्धा, डिस्चार्ज कार्डाबद्दल एक कापला, आणि महिने उलटे विचारल्याबद्दल अर्धा परत दिला. ओपीडीत दार असलेली खोली आहे. दादा तिथं पहिल्यांदा गेला तेव्हा बराच वेळ बोलला, वहिनी आणि मी बाहेर बसलो होतो.